स्कूटरवर उतरलेल्या माश्या

लोणावळ्यातल्या एका शाळेत मी विज्ञान शिकवते. शाळेमागच्या बागेत मुलांनी लावलेले भोपळे फुलायचे, पण फळ धरत नव्हतं. म्हणून मी मधमाश्या पाळायचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घेतलं आणि कुंपणाशी एक मधपेटी आणून ठेवली. भोपळे धरले. मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी सहावीचा वर्ग ओरडला, "बाई, माश्या चालल्या!"

धावत बाहेर आले. पेटीतून माश्यांचा लोट निघाला होता. मैदानावर दोन घिरट्या घालून तो थेट मुख्याध्यापिकांच्या स्कूटरवर उतरला. बघता बघता हँडलला माश्यांचा दुधीएवढा घोस लोंबायला लागला. मुख्याध्यापिका खिडकीतून विचारत होत्या, "अहो, मी आता घरी कशी जाऊ?"

शिकलेलं सगळं डोक्यातून उडालं. जाळीची टोपी, हातमोजे घालून मी दहा पावलांवर नुसतीच उभी.

तेवढ्यात शाळेत खिचडी रांधणाऱ्या मावशी पदराला हात पुसत आल्या. आंदर मावळातल्या, एरवी फारशा न बोलणाऱ्या.

"भिऊ नका बाई. मध पिऊनच घर सोडत्यात त्या. पोट भरलंय, आता लय चावायच्या न्हाईत. रिकामी पेटी हाय का?"

होती. मी ती घोसाखाली स्कूटरवर ठेवली. मावशींनी उघड्या हाताने ओंजळभर माश्या उचलून आत सोडल्या, जशी डाळ भांड्यात ओतावी तशा. मग म्हणाल्या, "तुमी बी घाला हात. हळू."

मी हातमोजा काढला. ऊन, जड, गुणगुणतं काहीतरी तळव्यात आलं आणि मला हसूच फुटलं. हसता हसता डोळ्यांतून पाणी. एकही माशी चावली नाही. थोड्या वेळाने उरलेल्या माश्या आपणहून पेटीकडे चालत निघाल्या. "राणी आत गेली," मावशी म्हणाल्या. आवाज करू नका असं बजावलेली मुलं खिडक्यांतून नुसतेच हात नाचवत होती.

"मावशी, हे कुठं शिकलात?"

"बापाकडं. हितं कुनी कदी इचारलंच न्हाई."

त्याच शनिवारी विज्ञानाच्या तासाला मावशी फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि मी पोरींच्या बाकावर बसले. त्यांनी विचारलं, "राणी वळखायची कशी?" मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. उत्तर चुकलं. वर्ग खदाखदा हसला, आणि सगळ्यांत मोठ्याने मीच.