बाबांची रायफल

ओमानमध्ये, अल् खुवैरमधल्या ऑफिसात मी गेली एकवीस वर्षं इमारतींचे नकाशे काढतोय. माझ्या कामात मिलिमीटरची चूक खपत नाही आणि घरातही ती खपू नये असा माझा हट्ट असतो. बायको म्हणते, तुमच्याशी संसार म्हणजे रोजची तपासणी. ती फार चुकीचं बोलत नाही.

आई गेल्यावर बाबांना मी साताऱ्याकडच्या गावाहून अल् घुब्रातल्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. ते पलटणीतले नेमबाज. तरुणपणी त्यांच्याकडे दुर्बीण बसवलेली जुनी रायफल होती, लाकडी दस्त्याची. पलटणीत ती दुर्बिणीची रायफल मोजक्याच लोकांना मिळायची, हे त्यांनी आम्हाला लहानपणी इतक्यांदा सांगितलं होतं की आम्ही भावंडं मागे उभं राहून त्यांची नक्कल करायचो. अलीकडे मात्र त्यांना नातीचं नाव आठवत नसे. रायफलचा नंबर तेवढा पाठ होता.

इथे आल्यावर महिनाभरात ते सुरू झालं. ऊन उतरायला लागलं, मशिदीची बांग झाली की बाबा उठायचे आणि शोधायला लागायचे. सोफ्याखाली, कपाटामागे, बाल्कनीत गॅस सिलिंडरच्या आड.

"काय हवंय, बाबा?"

"रायफल जमा कराय पायजे. कोत बंद व्हतंय."

कोत म्हणजे पलटणीतली हत्यारांची खोली. रोज संध्याकाळी रायफल तिथे जमा करून रजिस्टरवर सही करायची. ज्याची रायफल हरवली त्याची नोकरी गेली, इज्जतही गेली, असा तिथला कायदा.

पहिल्या दिवशी मी हसलो. आठवड्याने समजावलं. मग माझं डोकं फिरायला लागलं. ऑफिसातून दमून यावं आणि घरात ही झडती. एकदा मी चिडून म्हणालो, "कुठे ठेवली होती? शेवटची कधी पाहिली? सांगा ना! चाळीस वर्षं झाली रिटायर होऊन, काही हरवलेलं नाही तुमचं." बाबा भिंतीला टेकून उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "माझ्याच हातनं हरवली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला माझी लाज वाटली, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा ओरडलोच. दोन महिने हेच चाललं.

शेवटी बायकोच म्हणाली, "नाही नाही म्हणून काय सांगत बसलाय? एक देऊन टाका ना हातात."

दुकानातलं प्लॅस्टिकचं खेळणं देऊन त्यांचा अपमान करायचा नव्हता. मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागलो. बाबांच्या ट्रंकेत एक फोटो होता, रायफल घेऊन ताठ उभे. त्यांची तेव्हाची उंची मला ठाऊक होती, त्यावरून रायफलची लांबी काढली. इंटरनेटवरचे फोटो ताडून बघितले. दुर्बीण डाव्या अंगाला किती सरकलेली, गाल टेकवायला दस्त्यावर बसवलेला लाकडी तुकडा किती उंच, सगळं पूर्ण मापात कागदावर उतरवलं. इतका सुंदर नकाशा मी ऑफिसातही कधी काढला नव्हता.

तो घेऊन गाला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका सुतारी वर्कशॉपमध्ये गेलो. तिथले मिस्त्री रत्नागिरीकडचे, माझ्या घरातली कपाटं त्यांनीच केलेली. नकाशा बघून ते खूश झाले. "दरवाजे करून हात कंटाळलेत माझे. पण अर्बाबला विचारा पयला. बंदुकीचा मामला हाय."

अर्बाब, म्हणजे वर्कशॉपचा ओमानी मालक, नकाशाकडे कपाळाला आठ्या घालून बघत राहिला. मी हिंदीत बाबांची सगळी हकिकत सांगितली. त्याच्या आजोबांची जुनी बंदूक अजून घरात भिंतीवर आहे, म्हणाला. आजोबा तिच्याशिवाय लग्नाला जात नसत. मग त्याने अटी घातल्या: नळीला भोक नको, कुठला भाग हलता नको, गाडीतून नेताना तुकडे वेगळे आणि घरात जोडल्यावर पुन्हा बाहेर काढायची नाही. "बाप के लिए है, यल्ला, बनाओ."

मिस्त्रींनी उरलेल्या सागवानातून दस्ता कोरला. नळी भरीव लाकडाची, काळ्या रंगाची. दुर्बिणीला पाइपाचा तुकडा. दस्त्याला त्यांनी तीन वेळा जवसाचं तेल चोळलं. मी टेप लावून मापं तपासली. एकही चूक नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी बांग झाली, बाबा उठले. मी रायफल त्यांच्यासमोर धरली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि तिथेच थांबले. पुन्हा एकदा जोखून पाहिली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. नकाशात सगळं लिहिलं होतं, वजन सोडून. आमच्या धंद्यात कागदावर कुणी वजन काढत नाही. खरी रायफल हिच्या दुप्पट तरी भरत असेल, आणि हा माणूस ती वर्षानुवर्षं खांद्यावर घेऊन हिंडला होता.

बाबांनी नळीच्या तोंडावर बोट फिरवलं. भोक नव्हतं. मग ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता रडतील, आणि या वेळी दोष पूर्ण माझा.

त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली, बायको ऐकत नाही ना ते पाहिलं आणि मला सोफ्यावर शेजारी बसवलं.

"खरी हरवलीस व्हय? म्हनून ही करून आनलीस?"

मी होकारार्थी मान हलवली.

"भिऊ नगंस. पलटणीत नवा हाईस तू. सायबाला मी सांगतो, माझ्याकडनं गेली म्हनून." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसापासून बाबा काही शोधत नाहीत. ती लाकडी रायफल त्यांच्या पलंगामागे उभी असते. संध्याकाळी बांग झाली की ते माझ्या खुर्चीपाशी येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि विचारतात, "जेवलास का?" मी हो म्हणतो. "मग झालं. म्या हाय."

कुठे ठेवली होतीस, शेवटची कधी पाहिलीस, हे त्यांनी मला अजून एकदाही विचारलेलं नाही.