दुखत होता तेव्हा बरा होता

गाठ कशी मारता, असं दोरेकाकांना कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. बेकरीत गल्ल्याच्या शेजारी त्यांची जागा. डोक्यावर हुकाला पांढऱ्या दोऱ्याचं रीळ टांगलेलं. केकचं किंवा बिस्किटांचं खोकं समोर आलं की काका दोरा खाली ओढत, खोक्याला उभाआडवा वेढा देत, वर बोट अडकवायला फास ठेवत आणि दोरा अंगठ्याभोवती गुंडाळून असा काही हिसका देत की कात्रीचं कामच पडत नसे. हे सगळं हात करत. काका स्वतः गिऱ्हाइकाशी गप्पा मारण्यात गुंतलेले असत. मोठ्या मालकांच्या काळात ते कामाला लागले आणि दोरेकाका झाले. घरी बायको ‘अहो’ म्हणायची, त्यामुळे खरं नाव कागदापुरतंच उरलं होतं.

मग एक दिवस हिसका देताना मनगटात, अंगठ्याच्या बाजूला, कळ आली. काकांना वाटलं, झोपेत हात अवघडला असेल. पण कळ दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली, आणि मग घरच्यासारखी मुक्कामालाच राहिली. मेहुणा म्हणाला, गरम पाण्याने शेका. वहिनी म्हणाल्या, छे, बर्फ लावा. काका आधी शेकायचे आणि मग बर्फ लावायचे. दोघांचा मान राहिला, मनगट मात्र होतं तिथेच.

दुकानातला कारभार आता धाकटे मालक बघत. त्यांनी काउंटरवर चिकटपट्टीचं एक छोटं मशीन आणून ठेवलं.

“तुमच्यासाठीच आणलंय, काका. खोकं बंद केलं, पट्टी चिकटवली, की झालं. हाताला आराम.”

आराम या शब्दाची काकांना धास्ती होती. आधी आराम, मग ‘घरीच बसा की’, असा त्याचा रस्ता त्यांनी दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलेला होता. बेकरीत चिकटपट्टी लावायला कोणीही चाललं असतं. म्हणून त्यांनी मशीनकडे पाठ केली आणि दात आवळून दोरा ओढत राहिले.

शेवटी बायको त्यांना हाताच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

“नेमकं काय करताना दुखतं?” बाईंनी विचारलं.

“गाठ मारताना.”

“करून दाखवा.”

काकांनी दोन्ही हात हवेत धरले. डावा पुढे की उजवा? दोरा वरून येतो की बाजूने? हात तसेच अधांतरी राहिले आणि काका त्यांच्याकडे परक्याच्या हातांकडे बघावं तसे बघत बसले.

“अहो, काय झालं? जन्मभर हेच करताय ना?” बायको म्हणाली. मग डॉक्टरांकडे वळून, “बाई, त्यांच्या हातात काहीतरी द्या. नुसत्या हवेला नाही बांधता येत त्यांना.”

बाईंनी औषधाचं रिकामं खोकं आणि बँडेजची पट्टी पुढे केली. पापणी लवते न लवते तोच खोकं बांधून झालं, वर फाससुद्धा आला, आणि हिसक्याबरोबर काका “आई गं!” म्हणून खुर्चीत वाकले.

“कळलं,” बाई म्हणाल्या.

आधी मनगटाला पट्टा दिला. तो घालून दोरा गुंडाळता येईना, म्हणून काका तो दुकानात काढून ठेवत आणि घरी येताना पुन्हा चढवत. इंजेक्शन घेतलं. त्याने थोडे दिवस बरं वाटलं आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मग बाई म्हणाल्या, छोटं ऑपरेशन करून टाकू. अंगठ्याचे दोन दोर मनगटापाशी एका नळीतून जातात. नळी आवळली आहे. ती वरून उघडून मोकळी करायची, दोरांना धक्का लावायचा नाही.

काकांनी मान डोलावली. घरी आल्यावर मेहुण्याला सांगताना मात्र दोर कापायचा की नळी, यात त्यांचीच गल्लत झाली.

“दोर कापला तर अंगठा हलणार कसा?” मेहुणा म्हणाला.

“तेच म्हणतोय मी.”

“नळी हो, नळी!” बायको आतून ओरडली. “हात दाखवून अवलक्षण नको. नळी कापायचीय.”

ऑपरेशन काका जागे असतानाच झालं. हात बधिर केलेला आणि मध्ये हिरवा पडदा.

“आता अंगठा हलवा, काका.”

काकांनी हलवला.

“हा डावा झाला. उजवा हलवा.”

“हलतोय का?”

“मला काय विचारता? अंगठा तुमचा आहे.”

“असेल, पण तो आता तुमच्या बाजूला आहे ना!”

पडद्यापलीकडे सगळे हसले. काकांना त्यात हसण्यासारखं काय होतं ते समजलं नाही.

जखम भरली, टाके निघाले, बाईंनी सांगितलेले व्यायाम झाले. कळ गेली ती गेलीच. बाईंनी कामाला परवानगी दिली. काका भांग पाडून दुकानात आले, रिळाखाली उभे राहिले आणि पहिलंच खोकं बांधलं. दोरा खोक्याच्या कडेत रुतून कोपरा आत गेला. दुसऱ्या खोक्याला दोराच तुटला. तिसऱ्याचं झाकण इतकं दबलं की वरचं क्रीम झाकणाला लागलं, आणि बाईंनी केक परत केला. डॉक्टरीणबाईंनी नव्हे, गिऱ्हाईक बाईंनी.

“काका,” धाकटे मालक म्हणाले, “दुखत होता तेव्हा बरा होता हो तुमचा हात!”

चेष्टाच होती, पण बोलता बोलता त्यांनी चिकटपट्टीचं मशीन काकांच्या समोर सरकवलं. “शनिवारी गर्दी असते. शनिवारी हेच वापरा. मग कायमचं काय ते ठरवू.”

काका घरी येऊन हाताकडे बघत बसले. आजारी हात नीट काम करत होता आणि बरा झालेला बिघडला होता. हा कुठला हिशेब?

बायको म्हणाली, “दुखत होतं तेव्हा कळ आली की तुम्ही ओढायचं थांबवत होता. आता थांबवणारं कोणी नाही.”

काकांना पटलं. मग थोड्या वेळाने ते म्हणाले, “आणि दुखणं सुरू व्हायच्या आधी कोण थांबवत होतं?”

“जेवून घ्या,” ती म्हणाली.

शनिवारी काका पट्टी लावत होते. खोक्यापेक्षा बोटांनाच जास्त चिकटत होती. तेवढ्यात रिटायर्ड हेडमास्तर आले. त्यांच्या एका हातात काठी असायची, त्यामुळे खोकं दुसऱ्या हाताच्या बोटाला अडकवून न्यायची त्यांची रीत.

“हे काय? याला धरू कुठे? डोक्यावर घेऊन जाऊ?”

“नवीन पद्धत आहे, मास्तर.”

“पद्धत गेली खड्ड्यात. दोरा लावा. आणि मागच्या वेळचा केक घरी जाईपर्यंत एका बाजूला कलंडला होता, तेही ऐकून घ्या.”

“तो काय माझ्या दोऱ्याने कलंडला?” काका तडकले. “तुम्ही खोकं पाळण्यासारखं झुलवत नेता! मी इथून बघतो ना रोज.”

“मी झुलवतो?”

“नाहीतर काय! काठी इकडे, खोकं तिकडे. केकला चक्कर येते तुमच्या हातात!”

टच्चकन दोरा तुटल्याचा आवाज झाला. मास्तरांनी फासात बोट घातलं आणि खोकं उचललं. कोपरे सरळ होते, झाकण जिथल्या तिथे.

काका डोळे फाडून बघत राहिले. “थांबा, थांबा मास्तर. जरा बघू द्या, मी कसं बांधलं ते.”

“बघायचंय काय त्यात? केक आहे,” म्हणत मास्तर खोकं झुलवत निघून गेले.

पुढचं खोकं आलं. काकांनी दोरा हातात घेतला, हाताकडे नीट लक्ष दिलं, आणि हात पुन्हा अडले.

धाकटे मालक गल्ल्यावरून हे बघत होते. “काका,” ते म्हणाले, “मास्तर खरंच रोज तसं झुलवत नेतात?”

“झुलवत? अहो, परवा तर कोपऱ्यावरच्या खांबाला आपटलं खोकं! आणि वर मलाच...” काका सांगत सुटले. मास्तरांचं संपलं, मग मास्तरांच्या काठीचं निघालं, मग मोठ्या मालकांच्या वेळच्या एका गिऱ्हाइकाचं निघालं. खोकी येत होती, जात होती. रांग पुढे सरकत होती.

गर्दी ओसरल्यावर काकांनी काउंटरकडे पाहिलं. चिकटपट्टीचं मशीन जागेवर नव्हतं.

“अहो, ते मशीन कुठे गेलं?”

“खाली ठेवलं, फळीवर,” धाकटे मालक पैसे मोजता मोजता म्हणाले. “मध्ये मध्ये येत होतं.”

“केव्हा ठेवलंत?” काका म्हणाले. “मी तर इथेच होतो.”