परवान्याआधीची शिकवणी

माझे यजमान चांदीचे व्यापारी. बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात आमचं दुकान, आणि आठवड्यातून एकदा तुकईथडच्या बाजारात ते पाल लावून बसायचे. कोरकू आदिवासी बायका, शेतकऱ्यांच्या सुना पैंजण आणि कडी तिथेच घ्यायच्या. जाता-येता यजमानांच्या कमरेला, शर्टाखाली, रिव्हॉल्व्हर असायचं. परवाना रीतसर होता. पण ते चालवायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं आणि शिकलात का, असं कुणी विचारलंही नव्हतं. माणूस ओळखीचा, धंदा चांदीचा, रस्ता जंगलाचा. तेवढं पुरत असे.

ते गेल्यावर रिव्हॉल्व्हर ठाण्यात जमा झालं. बाजार मात्र मी सोडला नाही. मुलगा गाडी चालवायचा, मी पालात बसायचे. गिऱ्हाईक बायकाच, त्यामुळे माझं बरं जमलं. मग एकदा परतताना गाडीचं चाक बसलं. मुलगा चाक बदलत होता, मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मोटारसायकलवरून दोघं आले आणि माझ्या खांद्यावरची पिशवी ओढली. मी सोडली नाही, म्हणून काही अंतर फरफटत गेले. पिशवी गेली, खांदा निखळला. हात गळ्यात बांधलेला असतानाच मी मुलाला म्हटलं, "बाबांचं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर करून घेऊ."

परवान्याच्या कचेरीतल्या बाबूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाचीजी, पहले ट्रेनिंग का सर्टिफिकेट लगेगा."

मला रागच आला. ज्यांनी जन्मभर ते कमरेला लावलं त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि मला, जिचा खांदा अजून वर जात नाही तिला, आधी शाळेत पाठवताहेत. घरी येऊन मी बरंच बोलले. पण इलाज नव्हता.

शिकवणाऱ्या मॅडम केंद्रीय पोलीस दलातून निवृत्त झालेल्या होत्या. माहेर दापोऱ्याचं, केळीवाल्यांचं. शहराबाहेरच्या चांदमारीवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, त्या शिकवायच्या. मी पहिल्या दिवशी गेले तेव्हा वाटलं होतं, लगेच हातात देतील. त्यांनी चहा दिला.

"ताई, रिव्हॉल्व्हर ठेवणार कुठे?"

"पर्समध्ये."

"तुमची पर्स घरात कोण कोण उघडतं?"

मी विचार केला. सुट्टे पैसे लागले की सून उघडते. गोळ्या-चॉकलेट शोधायला नात उघडते. मुलगा गाडीची किल्ली त्यातच टाकतो. मी हे सांगत गेले आणि सांगता सांगता माझाच आवाज खाली आला.

"आणि मागच्या वेळी चोरांनी काय ओढलं होतं?" त्यांनी विचारलं.

"पिशवी."

त्यांनी मला दुसरा चहा दिला.

त्या दिवशी मला यजमानांची एक गोष्ट आठवली. दुकानात एकदा खाली वाकून काहीतरी उचलताना त्यांच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर फरशीवर पडलं होतं. बाकावर गिऱ्हाइकं होती, मी आत गादीवर होते. सगळे हसले, तेही हसले, उचलून परत खोचलं. मी मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी विचारलं, "भरलेलं होतं?" भरलेलंच असायचं. जुन्या रिव्हॉल्व्हरला असा धक्का बसला तर गोळी सुटू शकते, हे मला इतक्या वर्षांनी कळलं. घरी येऊन मी देवापुढे हात जोडले. ज्या संकटातून आपण वाचलो ते संकट होतं हेही आपल्याला माहीत नसतं.

मग हळूहळू शिकवणं सुरू झालं. नळी कुणाकडे रोखायची नाही, रिकामी असली तरी नाही. बोट घोड्यावर न ठेवता बाहेर, सरळ. शेवटी गोळी झाडायला दिली तेव्हा दुखऱ्या खांद्यातून कळ गेली आणि कानात शिट्टी वाजत राहिली. कागद जवळ जाऊन पाहिला, तर त्यावर एकही भोक नव्हतं.

"आता समजा, या कागदाच्या मागे तुमचा तुकईथडचा बाजार आहे," मॅडम म्हणाल्या.

मी जितकं नेम धरायला शिकले, त्याहून जास्त त्यांनी मला कधी काढायचं नाही ते शिकवलं. "एकदा बाहेर आलं की मागे सरकायला जागा राहत नाही, ताई. म्हणून आधी जागा शोधायची. गाडी मागे जाते का? माणसं कुठे आहेत? जीवच जाणार असेल आणि दुसरं काही उरलंच नसेल, तर मग." त्यांच्या सांगण्यावरून मी पर्सचा नाद सोडला आणि कुर्त्याखाली कमरेला घालायचं, बटणाने बंद होणारं चामड्याचं घर शिवून घेतलं.

परवाना झाला. मी बाजाराला जाऊ लागले.

ऐन उन्हाळ्यातली दुपार होती. बाजार लवकर उठला होता. तुकईथडहून निघून थोडं पुढे आलो असू, मागून मोटारसायकलचा हॉर्न वाजायला लागला. मुलाने बाजू दिली, तर ती पुढे जाऊन आडवीच थांबली. दोघं होते. दोघांची तोंडं गमछाने बांधलेली. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळेच तोंड बांधतात, पण त्या क्षणी ते कुणाला आठवतं? मागे बसलेला उतरला आणि एक हात शर्टात घालून आमच्याकडे चालत यायला लागला.

"आई, काढ," मुलगा म्हणाला. "निकाल ना, देखती क्या है."

माझा हात कमरेला गेला होता. बटण उघडलं होतं. मूठ हातात आली होती. आणि मला, खरं सांगते, मॅडमचा चेहरा वगैरे काही दिसला नाही. फक्त आपोआप बोट सरळ राहिलं आणि मी मान वळवून मागे पाहिलं. जरा मागे रस्त्यालगत ट्रकमध्ये केळी भरत होते. माणसं होती.

"काचा वर कर. गाडी मागे घे, त्या ट्रकपर्यंत," मी म्हटलं.

"आई, अगं..."

"मागे घे."

त्याने घेतली. तो माणूस हात हलवत आमच्या मागे धावायला लागला. ट्रकवरची माणसं काम थांबवून बघू लागली. गाडी ट्रकजवळ थांबली तेव्हा तो धापा टाकत पोहोचला, गमछा खाली ओढला. वीस-बावीसचं पोरगं, घामाने डबडबलेलं. शर्टातून त्याने आमच्याच दुकानाची लाल कापडी पुडी काढली आणि काचेवर वाजवली.

मी काच खाली केली.

"मावशी, पळता कायले?" तो म्हणाला. "मायने पैंजण घेतले ना सकाळी, त्या पुडीत दुसऱ्याचे कडे निघाले. माय म्हणे, जा, पहिले वापस दे, ते लोक निघून जातील."

पुडीत चांदीची जड कडी होती, पैंजणांच्या कितीतरी वर किमतीची. दुसऱ्या एका बाईने ती बाजूला ठेवायला सांगितली होती; गर्दीत पुड्यांची अदलाबदल झाली होती.

"शर्टात कशाला ठेवली होतीस?" मुलाने विचारलं.

"मग काय हातात घेऊन फिरू? रस्ता चांगला नाही इकडचा."

त्याच्या आईचे पैंजण मुलाने पेटीतून शोधून दिले. मी त्या पोराला पाणी दिलं. आपल्या मायला नमस्कार सांग, म्हटलं. तो गमछा बांधून गेला. काय होऊ शकलं असतं हे त्याला कळलं नाही, आणि आम्ही सांगितलं नाही. मी हळूच बटण लावलं.

दोन-तीन दिवसांनी मी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "बोट कुठे होतं?"

"बाहेर."

"मग ठीक," त्या म्हणाल्या, आणि केळीच्या वेफर्सची बशी पुढे केली. माझे डोळे भरून आले ते त्यांनी पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. त्या पोराची आई आज बाजारात हसतमुखाने येते, माझी नात मला आजी म्हणून हाक मारते, मी रात्री झोपू शकते. यातलं किती मॅडमचं देणं आहे, ते मला मोजता येत नाही.

पुढे आमच्या व्यापाऱ्यांच्या बैठकीत हा विषय निघाला. बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की जुन्या, प्रतिष्ठित व्यापाऱ्यांना शिकवणीची अट नको. वेळ कुणाला आहे, चोर काय शिकून येतात का? मी उठून सगळं सांगितलं. एक जण म्हणाले, "भाभी, सगळेच तुमच्यासारखे मनावर घेत नाहीत." ते खोटं नाही. माझ्याबरोबर शिकलेला एक गृहस्थ अजून चहाच्या टपरीवर शर्ट वर करून पिस्तूल दाखवतो. शिकवलं म्हणून शहाणपण येतंच असं नाही. पण न शिकवता ते येईल याची वाट पाहणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला तापीत सोडणं. मी तसं म्हणाले आणि खाली बसले. ती अट काढावी असा अर्ज गेला की नाही, मला माहीत नाही. माझी सही त्यावर नाही.

मुलालाही स्वतःचा परवाना हवा होता. उन्हाळा संपता संपता तो मॅडमकडे जाऊ लागला. शिकवणी पूर्ण केली, आणि मग एका संध्याकाळी दुकान बंद करताना म्हणाला, "आई, मला नको परवाना."

"का रे?"

"तुझ्या जागी मी असतो तर काढलं असतं. अजूनही काढणार नाही, याची मला खात्री नाही." कुलूप लावून त्याने ते ओढून पाहिलं. "भांडीवाले काका पण त्याच बाजाराला जातात. त्यांच्या जीपबरोबर जात जाऊ. एकट्या गाडीला भीती जास्त."

तेव्हापासून आमच्या दोन गाड्या बरोबर निघतात आणि बरोबर परततात. माझ्या कमरेला रिव्हॉल्व्हर असतं; वर्षातून एकदा मी चांदमारीवर जाऊन हात तपासून येते. येताना वाटेतल्या खकनारला दोन्ही गाड्या थांबतात. काका त्यांच्या डब्यातली शेव काढतात, मुलगा चहा सांगतो, आणि आम्ही सगळे उतरून पाय मोकळे करतो.