एकाच गार्डाची टीम

आमच्या कंपनीच्या बास्केटबॉल टीममध्ये ताडमाड उंच माणसांची भरती होती आणि चेंडू पुढे आणणारा मी एकटा. इतकी वर्षं गेली, तरी एवढं लिहिताना माझं डोकं तापतं.

कंपनी विहिरीवरचे पंप बनवायची. कारखाना नागपुरात आणि डेपो विदर्भभर. सत्तरच्या दशकात मालकांना हौस आली, की आपली टीम पाहिजे, पोरांच्या छातीवर कंपनीचं नाव पाहिजे आणि शिल्ड ऑफिसातल्या काचेच्या कपाटात पाहिजे. त्यासाठी त्यांनी खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. आम्ही कागदावर कारकून, फिटर, स्टोअरकीपर, पण खरी हजेरी संध्याकाळी धरमपेठेतल्या मैदानावर लागायची. लोकांना वाटायचं, काय मजा आहे यांची. मजा कसली, खेळ गेला की नोकरीही जाईल, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं.

टीम निवडायचं आणि सांभाळायचं काम विक्रीच्या मॅनेजरसाहेबांकडे होतं. साहेबांनी उभ्या जन्मात चेंडू हातात धरला नव्हता. उमेदवार केबिनमध्ये शिरला की ते त्याच्याकडे न बघता दाराच्या चौकटीकडे बघत. डोकं वरच्या पट्टीजवळ पोचलं की माणूस पास. मी शिरलो तेव्हा त्यांनी आधी चौकट बघितली, मग मान खाली करून मला बघितलं आणि शेजारच्याला विचारलं, "हा काय करील गा?" मालकांनी मला खेळताना पाहिलं होतं म्हणून माझा निभाव लागला. नाहीतर साहेबांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

मी काय करायचो ते सांगतो. आपल्या टोपलीखाली चेंडू मिळाला की तो समोरच्या अर्ध्या मैदानात न्यायचा, तोही ठरलेल्या सेकंदांत. वाटेत एक माणूस सतत हातावर झडप घालत असतो. त्याला चुकवत मान वर ठेवायची, आपल्या चौघांपैकी कोण मोकळा होतोय ते हेरायचं आणि त्याच्या हातात चेंडू द्यायचा. गुण त्याच्या नावावर लागतो, टाळ्याही त्यालाच. आता चेंडू आणणाऱ्याला पॉइंट गार्ड म्हणतात आणि पोरं टीव्हीवर बघून त्याचे गोडवे गातात. आमच्या वेळी नुसतं गार्ड म्हणत, आणि साहेब तर म्हणत, "चेंडू आणून देणारा."

आमचे उंच गडी टोपलीखाली वाघ होते, पण त्यांना चेंडू घेऊन पळायला सांगितलं की पायात पाय. हे जबलपूर-रायपूरच्या टीमांना एका मॅचमध्ये कळलं. पुढच्या वेळेपासून माझ्या अंगावर दोघं येऊ लागले. दुसऱ्या हाफमध्ये माझी छाती भरून यायची, पाय जड व्हायचे, चेंडू मधली रेषसुद्धा ओलांडायचा नाही. आमचे वाघ तिकडे टोपलीखाली हात वर करून उभे. मग हरलो, की साहेब सगळ्यांसमोर म्हणत, "पोट्ट्यात दम नाही." दम! दोन माणसांना सबंध मॅच एकट्याने तोंड द्यायचं आणि वर हे ऐकायचं.

मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "साहेब, दुसरा गार्ड घ्या. मी थकलो की तो उतरेल, तो थकला की मी. दोघं एकदम मैदानात असलो तर दाबायचं कोणाला, हेच समोरच्याला कळणार नाही."

"एक आहे नं? मग स्टेपनी काहून पायजे?"

"स्टेपनी नाही साहेब. दोन्ही चालणारीच चाकं."

"त्याच्याऐवजी एक उंच आणतो," साहेब म्हणाले आणि त्यांनी खरोखर आणला.

आणि हाच माणूस दर उन्हाळ्याच्या तोंडाशी नरखेडकडे जाऊन संत्र्याच्या बागाईतदारांना दुसरा पंप विकत असे. मी एकदा त्यांच्या जीपमध्ये होतो, तेव्हा बांधावर उभं राहून ते शेतकऱ्याला म्हणाले, "ऐन उन्हात मोटर जळली तर झाडाले पानी कोन पाजन? रिवायंडिंग होऊन येईपर्यंत बाग उभी राहीन का? दुसरा पंप खोलीत तयार पायजे." शेतकऱ्याने मान डोलावली. माझ्या मनात आलं, साहेबांची कॉलर धरून त्यांना मैदानावर न्यावं आणि हेच वाक्य पुन्हा म्हणायला लावावं.

शेवटी दुसरा गार्ड मीच शोधला. पॅकिंग खात्यात एक जण टेंपररी होता. माझ्याहून थोडाच लहान, लग्न झालेला, डावरा. उत्तर नागपुरातल्या त्याच्या वस्तीत विहाराच्या मागे कोणीतरी खांबाला लोखंडी कडं ठोकलं होतं, त्यावर तो खेळायला शिकला होता. जेवणाच्या सुट्टीत तो पंपांच्या खोक्यांमधून चेंडू घेऊन पळायचा. दोन खोक्यांच्या फटीतून, खाली न बघता. ते बघून मी डबा तसाच ठेवून उठलो.

मी त्याला संध्याकाळी मैदानावर नेऊ लागलो. हात त्याचा तयारच होता. मी त्याला थांबायला शिकवलं, घाई कधी करायची नाही ते शिकवलं. तो मला "भाऊ" म्हणायचा आणि शिकवलेलं दुसऱ्या दिवशी करून दाखवायचा. आमचा सेंटर, म्हणजे टोपलीखालचा सगळ्यांत उंच गडी, मला म्हणाला, "कायले शिकवून राहिला बे त्याले? आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून घेशील." मी त्याला शिव्या घातल्या. बास्केटबॉल काय, वतनदारी आहे?

त्याच्यासाठी नवी नोकरी द्यावी लागणार नव्हती, म्हणून साहेबांनी त्याला टीममध्ये घेतलं. त्या हंगामात आम्ही दोघं खेळलो, आणि तसा खेळ मी पुन्हा कधी खेळलो नाही. मी बाकावर बसून दम घ्यायचो, समोरचा गार्ड कुठे चुकतोय ते बघायचो आणि पॅकिंगवाला बाहेर आला की त्याच्या कानात सांगायचो. तोही मला सांगायचा. बाकावर माणूस आहे म्हटल्यावर जीव राखून खेळावं लागत नाही. सगळा दम ओतून खेळायचं आणि हात वर करून बाहेर यायचं. साध्या मॅचमध्येसुद्धा मला हसू यायचं, इतका मी खुशीत होतो. जबलपूरवाल्यांना आम्ही त्यांच्याच मैदानावर धुतलं.

हंगाम संपल्यावर साहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, शाबासकी देतील, आणि पॅकिंगवाल्याला परमनंट करा म्हणून मी त्यांच्या मागे लागणार होतो.

"आता आपल्याजवळ दोन झाले," साहेब म्हणाले. "एक जास्तीचा आहे. नरखेड डेपोत माणूस पायजे, तू जा."

माझा आधी विश्वासच बसेना. मी दोन मागितले आणि या माणसाला त्यात एक जास्तीचा दिसला. टेंपररी माणूस स्वस्तात चेंडू आणतोय, तर परमनंट कशाला ठेवायचा, असा हिशेब. मी तोंडाला येईल ते बोललो. साहेब पेनाचं टोपण उघडत-लावत बसले आणि शेवटी म्हणाले, "झालं बोलून?"

नरखेडला मी पंपांचे सुटे भाग विकत बसलो. चेंडू होता, पण समोर टोपली नव्हती. डेपोच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचो, शेजारचा किराणावाला वैतागायचा. नागपूरच्या बातम्या येत. पॅकिंगवाला एकटाच खेळतोय, त्याच्या अंगावर आता दोघं येतात, त्याचा गुडघा सुजतो, तो हळद लावून पुन्हा उतरतो. साहेब म्हणतात, पोट्ट्यात दम नाही.

पुढच्या हंगामातल्या फायनलच्या आधी मला साहेबांचा निरोप आला, नागपूरला ये, ड्रेस घालून बाकावर बस. मी सकाळची एसटी पकडली. रागावलेला होतो, पण मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, अक्कल आली.

मैदान खच्चून भरलं होतं. पॅकिंगवाला डाव्या पायावर भार न टाकता पळत होता, ते मला पहिल्याच फेरीत दिसलं. मी साहेबांना म्हणालो, "त्याला काढा, मी जातो." साहेबांनी हात केला, तर त्याने तिथूनच मान हलवली. थोड्या वेळाने पुन्हा हात केला, पुन्हा नाही. "तो म्हणते बरा आहे, मग काहून काढू?" असं म्हणून साहेब गुण बघत बसले. आम्ही पुढे होतो.

टाइम-आउट झाला तेव्हा मी त्याचा दंड धरला. "बाहेर ये गा. थोडा दम घे, पायाले बर्फ लाव, मग परत जा. आपण असंच खेळत होतो नं?"

त्याने घाम पुसला. आवाज चढवला नाही. "तुम्ही बाहेर गेले भाऊ. वापस आले का?"

तो पुढे म्हणाला, "मी टेंपररी आहो. तुम्ही उतरले आन् शिल्ड आली, तर उद्या जास्तीचा कोन? मले नका काढू." आणि तो माझा हात सोडवून मैदानात गेला.

मी त्याच्यावर रागवायला हवं होतं, पण तो चुकलाच नव्हता. दुसरा गार्ड बाकावर असला की पहिल्याने बेफिकीर खेळावं, हे मी त्याला शिकवलं होतं. दुसरा गार्ड बाकावर असला की पहिल्याने घाबरावं, हे त्याला कंपनीने शिकवलं, आणि कंपनीचं शिकवणं जास्त पक्कं होतं. मी त्याच्यासाठी एसटीने इतका लांब आलो होतो आणि त्या मैदानात त्याला सगळ्यांत जास्त भीती माझी वाटत होती.

पुढे काही मिनिटांतच तो उडी मारून उतरला आणि उतरल्यावर उठलाच नाही. आमच्या उंच गड्यांनी त्याला उचलून बाहेर आणलं. साहेब म्हणाले, "चल, आता तू," आणि मी उतरलो, कारण नाहीतर त्याचा पाय फुकट गेला असता. उरलेला वेळ मी कोणाच्याही तोंडाकडे न बघता खेळलो. आम्ही जिंकलो. ती शिल्ड मी हातात धरली नाही.

रात्री त्याला धंतोलीतल्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. गुडघ्यातली शीर तुटली, आता खेळणं विसरा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी खाटेशी स्टुलावर बसलो होतो. साहेब सत्कारावरून थेट आले, गळ्यातला हार हातात धरून. त्यांनी त्याची चौकशी केली, मग मला म्हणाले, "तू उद्यापासून नागपुरात. याले नरखेडले पाठवू, तिथं बसून काम आहे. टेंपररीच राहील, पन सोय होईन."

त्याच्या देखत हे बोलले. त्यांना वाटत होतं, आपण दोघांवर उपकार करतोय. मी म्हणालो, "मी येत नाही. आणि याला आधी परमनंट करा, मग कुठे पाठवायचं ते बोला."

साहेब हसले. "विचार कर. सकाळी सांग." त्यांना खरंच वाटलं, मी भाव खातोय. ते गेल्यावर मी खाटेकडे वळलो आणि म्हणालो, "मी येनार नाही गा. तुझी जागा मी घेत नाही."

तो छताकडे बघत पडला होता. मग त्याने समजूतदारपणे, जणू माझीच अडचण सोडवतोय अशा आवाजात, सांगितलं, "नका बोलू तसं भाऊ. सकाळी हो म्हणून टाका. मी राग नाही धरनार."

मी सकाळी नाहीच म्हटलं आणि एसटीने नरखेडला परतलो. पण ती रात्र मी त्याच्या खाटेशी बसून हेच परत परत सांगत होतो, आणि माझा शब्द त्याला एकदाही खरा वाटला नाही.