ईशान्य कोपऱ्यातले वाफे

आमच्या सोसायटीत शिकलेली माणसं ढीगभर आहेत आणि पाणी उताराने वाहतं हे त्यातल्या एकालाही पटत नाही. विक्रोळीच्या कारखान्यात मी तपासणी खात्यात होते, तेव्हा वाटायचं की मूर्ख लोक फक्त साहेबांच्या केबिनमध्ये बसतात. निवृत्त होऊन मुलुंडच्या घरात दिवसभर राहायला लागले आणि कळलं, की ते आपल्या वरच्या मजल्यावरही राहतात.

आमचं घर तळमजल्यावर. स्वयंपाकघराच्या मागे, इमारत आणि कंपाऊंडची पूर्वेकडची भिंत यांच्यामध्ये मातीचा लांबट पट्टा आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून मी तिथे भाजी लावते. पट्ट्याच्या दक्षिण टोकाला गटाराचं जुनं चेंबर आहे. कोणीही माणूस आवारातलं पाणी त्या चेंबरकडे वळवील. पण पेव्हर ब्लॉक बसवायचे ठरले तेव्हा कमिटीने वास्तुतज्ज्ञ बोलावला. दहा बोटांत सात अंगठ्या घातलेला हा गृहस्थ होकायंत्र घेऊन आवारात एक चक्कर मारून म्हणाला, "चेंबर आग्नेयेला आहे, म्हणजे अग्नीचा कोपरा. तिथे पाणी नेलंत तर घराघरांत भांडणं होतील. पाणी ईशान्येला सोडा, लक्ष्मी येईल."

भांडणं आमच्याकडे त्याच्या आधीपासूनच भरपूर होती, पण ते असो. उतार ईशान्येकडे दिला गेला. ईशान्य म्हणजे माझ्या पट्ट्याचं उत्तर टोक, जिथून पाण्याला जायला वाटच नाही. लक्ष्मी काही आली नाही. गाड्या धुतलेलं पाणी आलं, टाकी भरून वाहिली की तिचं आलं, आणि मग डास आले. पावसाचं सोडा, ऐन माघात माझ्या मातीत चप्पल रुतायची. वांग्याची रोपं मुळातून कुजून पिवळी पडायची.

यावर कमिटीने काय करावं? होळीपर्यंत पट्टा कोरडा झाला नाही तर तिथे पेव्हर टाकून गाड्या लावायच्या, असा ठराव केला. आधी माझ्या दारात डबकं केलं आणि मग डबक्याबद्दल मलाच नोटीस. मी सेक्रेटरीकडे गेले. हा चाळिशीचा माणूस कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे.

"फक्त एक पाइप टाकून चेंबरला जोडू दे," मी म्हटलं.

"काकू, आग्नेय आहे ती. चेअरमनसाहेबांच्या मुलाचं लग्न जमत नाहीये, त्यात आपण रिस्क कशाला घ्यायची? तज्ज्ञांना विचारलंय मी. ते उपाय देतायत."

उपाय आला. तांब्याचा पिरॅमिड, मुठीएवढा. सेक्रेटरीने तो स्वतः माझ्या चिखलात पुरला, वर अगरबत्ती लावली आणि पँटला लागलेला चिखल माझ्याच नळावर धुतला. ते पाणीही अर्थात ईशान्येलाच गेलं.

मी परवानगीचा नाद सोडला. थंडी सरली की वाफे खणायचेच असतात, त्यामुळे कुदळ घेतली म्हणून कोणी हटकायचं कारण नव्हतं. वाफ्यांच्या कडेने उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत चर मारला. सुरुवातीला उथळ, पुढे पुढे खोल. उतार बरोबर आहे की नाही ते गवंडी बघतात तसं पारदर्शक नळीत पाणी भरून बघितलं. आमचे मिस्टर मालवणकडचे, खणायला बसले की बोलत बसतात.

"अगो, खंयचा पाणी खंय नेतंस गो?"

"तुम्ही खडी टाका," मी म्हटलं.

तळाला खडी, तिच्यावर भोकं पाडलेला पाइप, वर पुन्हा खडी आणि मग माती. पाइपचं तोंड चेंबरच्या भिंतीत बसवलं. त्यानंतर शेणखत आणि निंबोळी पेंड कालवून वाफे वीतभर उंच केले. हे सगळं भरदिवसा झालं. येणारेजाणारे "काय काकू, गार्डनिंग?" एवढं विचारून निघून जात. खाली वाकून बघेल असा एकही माणूस आमच्या इमारतीत नाही, याचा मला पहिल्यांदाच फायदा झाला.

होळीच्या आधी गच्चीवरची टाकी धुतली. सगळं गढूळ पाणी पायरी पायरीने उतरून माझ्या कोपऱ्यात आलं. मी कमरेवर हात ठेवून उभी होते. दुपारपर्यंत माती दाबली तर हाताला नुसती ओल लागत होती. इतका आनंद मला पोराच्या निकालालाही झाला नव्हता.

सेक्रेटरी आला, बुटाने माती दाबून बघितली. "बघितलंत काकू? पिरॅमिडने पाणी ओढून घेतलं." श्रेय गेलं तर गेलं, जागा तर राहिली. पण तो पुढे म्हणाला, "आता ड्राय झालीये, तर चार गाड्या झकास बसतील."

ओली होती म्हणून गाड्या, आणि कोरडी झाली म्हणूनही गाड्या.

रविवारी विशेष सभा भरली. मी उठून बोलले. पक्की जमीन केली तर पाणी मुरणार नाही, पहिल्या मजल्यापर्यंत ओल चढेल, भिंतीला लागून असलेला शेवगा मरेल. सेक्रेटरी मोबाइल बघत होता. कोणीतरी चहा कधी येणार म्हणून विचारलं. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय. चेअरमननी "ठीक आहे वहिनी, हात वर करा सगळ्यांनी," म्हणून सुरुवातही केली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ईशान्येला जड वस्तू ठेवत नाहीत म्हणे. पिरॅमिडवर गाड्या उभ्या केल्या तर त्याचा परिणाम उलटा होईल का हो?"

वर आलेले हात तसेच राहिले, मग एकेक करून खाली आले. चेअरमनच्या बायकोने नवऱ्याकडे असं बघितलं की त्यांनी पुढचा विषय घेतला. वाफे वाचले.

घरी येताना मिस्टर खो खो हसत होते. मला हसू येईना. कारखान्यात मापात चूक असली की मी साहेबाच्या तोंडावर माल परत करायचे. इथे खरं बोलले ते कोणी ऐकलं नाही. जिंकले ती त्या अंगठीवाल्याच्या भाषेत बोलून. त्या सभेतल्या प्रत्येकाची मला किळस आली, आणि त्यात मीही बसले होते.

सकाळी मिरचीची रोपं लावायला बसले तर चेअरमनच्या मिसेस हळदकुंकवाचं तबक घेऊन आल्या. पिरॅमिड पुरला होता नेमकी ती जागा कुठली, असं त्यांनी मला विचारलं. मी दाखवली. तिथे लावलेली दोन रोपं उपटून बाजूला घेतली आणि त्यांना बसायला पाट आणून दिला.