त्र्यंबककाकांनी न विचारलेला प्रश्न

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या मराठी घरांत गाडीने जरा वेगळा आवाज काढला, की पहिला फोन त्र्यंबककाकांना जायचा. काकांनी अठ्ठावीस वर्षं एका टेस्टिंग लॅबमध्ये एकच काम केलं होतं, गाडी का थरथरते ते शोधायचं. ते दोन-तीन नेमके प्रश्न विचारत आणि उत्तर देऊन मोकळे होत. उत्तर सहसा चुकत नसे. त्याचा त्यांना अभिमान होता. त्यांची बायको उत्तरा म्हणायची, जरा जास्तच.

हिमानी नागपूरची, सव्वीस वर्षांची, दोन वर्षांपूर्वी व्हिसावर आलेली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिने स्नो टायरचा सेकंडहँड सेट घेतला, तेव्हा काकांनी तिला आपल्या गॅरेजमध्ये बोलावून चाकं बदलायला शिकवलं. जॅक कुठे लावायचा, नट समोरासमोरचे कसे आवळायचे, सगळं दाखवलं. तिने चारही चाकं स्वतः बसवली. पन्नासेक मैल चालवल्यावर नट पुन्हा आवळायचे असतात. ते तिला सांगितलं होतं की राहून गेलं, हे काकांना नंतर किती डोकं खाजवलं तरी आठवेना.

नवव्या दिवशी, बुधवारी, तिचा फोन आला. स्टिअरिंग हलतंय, म्हणाली. काका मीटिंगच्या दारात उभे होते. किती स्पीडला, त्यांनी विचारलं. हायवेवर, साठच्या पुढे. ब्रेक मारल्यावर वाढतं का? नाही.

"मग चाकांचं बॅलन्सिंग बिघडलंय. घाबरू नकोस, शनिवारी करून घेऊ," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

शुक्रवारी सकाळी ऑफिसला जाताना हिमानीच्या गाडीचं पुढचं डावं चाक हायवेवर निखळलं. गाडी फिरून दुभाजकावर आदळली आणि मागून येणारी पिकअप तिच्यावर येऊन धडकली. हिमानी वाचली, पण कमरेखालचं अंग कायमचं लुळं पडलं.

टो केलेली गाडी पाहायला काका एकटेच गेले. चाकाचे पाच बोल्ट होते, त्यातले तीन मुळापासून तुटलेले, उरलेल्या दोनांवरचे नट गायब. चाकाची गोल भोकं झिजून लांबट झाली होती. अशी भोकं एका सकाळीत झिजत नाहीत. चाक कित्येक दिवस सैल असणार, आणि सैल चाक हळू चालवतानाही हलतं. बॅलन्सिंग बिघडलं, तर थरथर फक्त वेगात येते. काका तिथेच, तेलकट बर्फात, खाली बसले.

हळू चालवतानाही काही जाणवायचं का, असं हॉस्पिटलमध्ये त्यांनी तिला विचारलं, तेव्हा ती छताकडे बघत होती.

"पार्किंग लॉटमध्येसुद्धा टक-टक यायचं, काका. स्लो असताना. तुम्ही विचारलं नाही, म्हणून मला वाटलं, ते इम्पॉर्टंट नसेल."



तिचे वडील प्रतापराव आठवड्याने पोचले आणि दोन महिने काकांकडेच राहिले. उत्तरा डबे करायची, काका त्यांना रोज हॉस्पिटलला नेत. गाडीत दोघं फारसं बोलत नसत. त्या फोनचं त्यांना सांगून टाका, असं उत्तराने दोनदा सुचवलं. काका रोज ठरवत आणि रोज हवामानावर बोलत.

जानेवारीत हिमानीला नागपूरला न्यायचं ठरलं. एअरपोर्टवर व्हीलचेअर पुढे गेली, तेव्हा काकांनी प्रतापरावांना थांबवलं आणि सगळं सांगितलं. फोन, मीटिंग, न विचारलेला प्रश्न. त्यांनी काही लपवलं नाही.

प्रतापरावांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"पोरीनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," ते म्हणाले. "तुम्ही कधी सांगता, ते बघत होतो."

मग त्यांनी बॅग उचलली आणि मुलीच्या मागे चालू लागले. काकांनी नमस्कारासाठी हात जोडले होते, ते त्यांनी पाहिले नाहीत.