टीव्हीवर दिसलेलं माहं भेव

कापूस उपसला का वरून अजून कापूस घसरे, तो उपसला का अजून घसरे, आन् मी नुसती ओरडून राहिली, "अवो माही पोट्टी हाये खाली, माही पोट्टी हाये!" हात कोपरापर्यंत आत घालून पाह्यलं तं हाताले सरकी लागे, वाळल्या पानाचा कचरा लागे, पोरगी काई लागत नव्हती. साडेतीन वर्षाचं लेकरू, केवढंसं असते थे. एक हमाल फावडं घेऊन धावत आला तं माह्या जाऊबाईनं त्याच्या हातावर खाडकन चापट मारली, "फावडं नको रे मुडद्या, लेकरू हाये आत, हातानं काढ!"

आन् माह्या बाजूले थो शोध लावनारा गोरा साहेब बी गुडघ्यावर बसून कापूस उपसून राहिला होता. म्हंजे साहेबाचं काम करनारा नट. आंगात तंग कोट, डोक्यावर पिवळ्या केसाचा टोप, तोंडाले पांढरा रंग, थो सारा घामानं ओघळून गळ्यात आला होता. टोप पडला तरी त्याले भान नाई.

पाय सापडला तो जाऊबाईले. चिमुकला पाय, चप्पल नव्हती पायात. ओढून काढली तं पोरगी ढिली, ओठ निळे, डोये मिटेल. त्या नटानं तिच्या तोंडात बोट घातलं आन् कापसाचा बोळा काढला, मंग तिले हातावर पालथी टाकून पाठीत चार थापा मारल्या. मी तिच्यापाशीच खाली बसली. मंग एकदम ठसका आला तिले, आन् मंग रडनं. ते रडनं आयकून मी अशी रडली का मले कोनी उठवू शकेना.

आता पहिल्यापासून सांगते, नाई तं तुमाले वाटन का ही बाई काय बडबडून राहिली.

मी आठवीपर्यंत शिकली. माहं माहेर दर्यापूरचं, सासर अकोटच्या अलीकडचं, घरची भाजीची वाडी हाये, वांगे, मेथी, पालक. अकोटच्या एका जुन्या बंद जिनिंगमंदी, म्हंजे कापसातून सरकी काढाच्या कारखान्यात, टीव्हीवाल्यायची शूटिंग आली. त्यायले गावातल्या बाया पाह्यजे होत्या, नऊवारी लुगड्यातल्या, जुन्या काळच्या दिसतीन अशा. जाऊबाई म्हने, "चाल वो, जलमभर मेथीच्या जुड्या बांधत बसशीन का? टीव्हीत तोंड तं दिसन." माह्या बी मनात आलं, खोटं काहून सांगू. पोरगीले कोनापाशी ठेवू, सासू वाडीत, म्हनून संग नेली.

तिथल्या एका पोरीनं, जी साऱ्यायले कामं सांगे, तिनं आमाले मालिकेची गोष्ट सांगितली. आजच्या काळातले दोन शाळेचे लेकरं एका मशीनीत बसून मागच्या काळात जातात आन् दर भागात एका शोध लावनाऱ्याले भेटतात. खरेखुरे मानसं, पुस्तकात असतात ते. या भागात कापसातून सरकी वेगळी कराची मशीन ज्यानं काढली तो साहेब. लेकरं त्याले मशीनीत बसवून आपल्या वऱ्हाडात आनतात, आन् तो आमाले, म्हंजे जुन्या काळच्या बायायले, आपली मशीन दाखवतो.

"तुम्ही असं काही कधी बघितलेलं नाही," ती पोरगी म्हने. "हँडल फिरलं की एकदम घाबरायचं. जादू बघितल्यासारखं."

जाऊबाई म्हने, "अवो बाई, सरकी काढाची मशीन पाहून आमी काहून भेवू? माह्या बापाचा जलम जिनिंगमंदी गेला. आन् माह्या आजीपाशी तं हातानं फिरवाची चरकी होती, दोन लाटन्याची. तिचा शोध कोनं लावला, ते नाई का दाखवत?"

साऱ्या बाया हासल्या. तो नट बाजूलेच खुर्चीवर बसला होता, तो बी हासला. म्हने, "खरं सांगू का वहिनी, तो माणूस इकडे कधी आलाच नाही."

"मंग आनला काहून?"

"ती काळात फिरवणारी मशीन या मालिकावाल्यांची. नेतील तिकडे जायचं."

साधा मानूस होता. मले म्हने, बोटानं सरकी कशी काढतात ते दाखवा. मी दाखवली, बोंड कसं धराचं, कसं ओढाचं. त्याच्या बोटानं काई निघे ना. कापूस सोलता सोलता बोलला का मी या मानसाबद्दल वाचून आलो, ही मशीन त्यानं एकट्यानं काढली का यावर बी लोकं भांडतात. आन् तिकडं त्याच्या देशात हे सरकी काढाचं काम गुलाम बाया करत, त्यायचे नावं कोनी लिहून ठेवले नाई. "या भागात त्या नाहीतच," तो म्हने. "त्यांच्या जागी तुम्हाला बसवलंय."

मी तवा हाव हाव केलं, तेवढंच. माहं ध्यान पोरगीकडं होतं, ती झोपेले आली होती, कुरकुर करून राहिली होती. आन् त्या काम सांगनाऱ्या पोरीनं मले सांगून ठेवलं होतं का लेकरू कॅमेऱ्यात नको दिसू देऊ. पोरगीच्या आंगात आजकालचा पिवळा फ्रॉक होता.

आता इथी मी काय केलं ते आयका. आमच्या घरी वेचनी झाली का समोरची खोली कापसानं भरते, पार खिडकीपर्यंत. लेकरं त्यातच खेळतात, त्यातच झोपतात. मी बी लहानपनी तशीच झोपली, माहा नवरा बी. ऊब राह्यते. म्हनून मी शूटिंगच्या कापसाच्या गंजीच्या बाजूले गेली, कॅमेऱ्याच्या आड, हातानं दाबून एक खोलगा केला, तिची दुपटी टाकली, तिले निजवली. माह्यापासून धा पावलावर. फ्रॉकची पिवळी कोर दिसे मले, तेवढी.

पन घरचा कापूस बसलेला असते, त्याले कोनी हालवत नाई. हे माह्या डोकशात आलं नाई.

पहिल्या दोन येळा आमी हासलो. हँडल फिरे, साहेब डोये मोठे करून आमच्याकडं पाहे, आन् बायायले हासू फुटे. शूटिंगचा मुख्य दिग्दर्शक चिडला. माईकवरून बोलला, आता कोनी आवाज केला तं त्या बाईले घरी पाठवा. आन् म्हने, मांगं ढीग लहान दिसून राहिला, वरून टाका. चार हमालायनं पल्याडून टोपल्यानं कापूस वर टाकला. गंजी इकडं घसरली. मी पाह्यलं. मी पाह्यलं का पिवळं काई दिसत नाई.

तेवढ्यात "सायलेन्स" झालं. कॅमेरा सुरू झाला.

हेच सांगाचं होतं मले, बाकी सारं याच्यासाठी सांगितलं. मी तवा ओरडली नाई. मले वाटलं, एकच मिनिट हाये. मले वाटलं, कूस बदलली असंल तिनं, फ्रॉक दबला असंल. मले वाटलं, मी बोलली तं पन्नास मानसायसमोर तो मानूस मलेच झापन, जाऊबाईची बी लाज जाईन. तोंड उघडं होतं माहं, पन आवाज काई निघे ना. हँडल फिरून राहिलं, साहेब बोलून राहिला, आन् मी त्याच्या खांद्यावरून मांगच्या गंजीकडं पाहून राहिली. तो पुरा शॉट मी तशीच उभी होती. "कट" म्हनलं तवा धावली.

बाकी तुमाले सांगितलं.

अकोटच्या डॉक्टरले आमी सांगितलं का खेळता खेळता कापसात पडली. त्यानं नळी लावून पाह्यलं, छाती साफ हाये म्हने, श्वासाची शिटी वाजली तं अकोल्याले घेऊन जा. शिटी काई वाजली नाई, देवाची कृपा. शूटिंगची ती पोरगी रस्त्यापर्यंत आली होती, तिचे बी डोये लाल. "ताई, प्लीज कुणाला सांगू नका हं, माझं काम जाईल." आन् वाटेत जाऊबाई म्हने, "घरी सांगशीन तं तुलेच बोलतीन. मले बी. चूप राह्य." मी चूप राह्यली. दुसऱ्यांदा.

मंग तो भाग टीव्हीवर आला. साऱ्या गल्लीतल्या बाया आमच्या घरी जमल्या, सासूनं साऱ्यायले चहा केला. आन् तिथी, साहेबाची मशीन फिरते, आन् एकदम माहं तोंड. मोठ्ठं, पुऱ्या टीव्हीभर. डोये फाटेल, तोंड उघडं, हनुवटी हालून राहिली. मांगून मालिकेतल्या त्या दोन लेकरायपैकी एकाचा आवाज, का पाहा, हा शोध पाहून लोक कसे घाबरले, इतिहास बदलला. मांगं वाजंत्री.

"बाप्पा!" सासू म्हने. "कशी भेली पाहा! अशी अॅक्टिंग कोठी शिकली वो तू?"

नवरा तं नुसता हासे. पुन्हा पुन्हा मोबाईलवर लावून दाखवे लोकायले. जाऊबाईनं माह्याकडं पाह्यलंच नाई. पोरगी माह्या मांडीवर होती, टीव्हीकडं बोट करून म्हने, "आई भेली!"

तो साहेब खरा होऊन गेला म्हनतात. त्यानं माह्यासारखी बाई कधी पाह्यली नाई, मी त्याची मशीन पाहून भेली नाई, पन आता ज्यानं ज्यानं पाह्यलं त्याच्या डोकशात हेच राह्यन का असं झालं होतं. आन् मले त्या दुसऱ्या बाया आठोतात, त्या साहेबाच्या देशातल्या, ज्यायच्या जागी मले उभी केली होती. त्यायचे बी लेकरं असतीन. काम करता करता त्या आपलं लेकरू कोठी निजवत असतीन? कापसातच असंल. त्यायले बी बोलाची मनाई असंल. पन त्यायच्या पाठीवर चाबूक होता. माह्या पाठीवर काय होतं? एका मानसाचं झापनं.

काल शूटिंगच्या त्या पोरीचा फोन आला, नवऱ्याच्या मोबाईलवर. वाफेचं इंजिन ज्यानं नीट केलं त्या साहेबाचा भाग हाये, अमरावतीले शूटिंग. "वहिनींचा तो घाबरण्याचा शॉट सगळ्यांना आवडला, तसाच पाहिजे. आणि यावेळी लहान मुलगी पण चालेल." नवऱ्यानं मले विचारलं बी नाई, हो म्हनून मोकळा झाला. सासूनं सकायपासून पोरगीच्या केसाले तेल लावून ठेवलं, नवा फ्रॉक काढला. आज संध्याकायपर्यंत त्यायले पुन्हा फोन करून पक्कं सांगाचं हाये, उद्या जीप येईन.

जाऊबाई अंगनात मेथी निवडून राहिली, मधूनमधून माह्याकडं पाहून राहिली. मी नाई म्हनलं तं काहून नाई ते सांगा लागन. सांगितलं का पोरगी कापसाखाली गेली होती तं एखाद्या येळी माफ करतीन. पन फ्रॉक दिसेनासा झाला हे मले दिसत होतं, आन् मी "कट" होईपर्यंत उभी राह्यली, हे कसं सांगू? माह्या सासूले, माह्या नवऱ्याले, ज्यायनं माहं ते तोंड साऱ्या गावाले दाखवलं?

बायायनो, तुमी बी कोनाच्या तरी माय असान. तुमी त्या मिनिटात ओरडल्या असत्या का? आन् नसत्या ओरडल्या, तं आज घरी सांगितलं असतं का?